कच्च्या पाल्याची परीक्षा

जव्हार,
मार्गशीर्ष सरत आला, थंडी चढत आहे

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांवर भास्करचं डोकं, कंबर परवानगी देईल तितकं वाकून.

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी तू म्हणालीस की जिना चढताना दुखतो आणि उतरताना बोलतो. आता तो काय बोलतो ते कळव. दाजी कानाचं यंत्र लावतात, की ते अजून सदऱ्याच्या खिशातच आहे? (खिशातल्या यंत्राला खिशातलंच ऐकू येतं, हे माझा नमस्कार सांगून झाल्यावर त्यांना सांग.) इकडे माझं उत्तम चाललं आहे. उत्तम म्हणजे खरोखरच उत्तम. मी हे पुन्हा पुन्हा लिहितोय म्हणून तुला काही शंका येईल, पण येऊ देऊ नकोस. फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. त्याचं कारण असं की तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि मग आमच्या घरातली गोष्ट तुमच्या अख्ख्या सोसायटीला ऐकू जाते. ही हकीकत सोसायटीची नाही. ओळखीचा एक गृहस्थ नाशिकला येतोय, त्याच्या हाती हे पाकीट देतो आहे.

तर अक्का, हकीकत अशी की तुझा भाऊ परीक्षेला बसला होता आणि पास झाला. विषय होता हिरव्या पाल्याचं सॅलड. हसू नकोस. आधी पेपर कसा निघाला ते ऐक.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण माहेर पडलं जव्हारला आणि रुचिराची डॉक्टरीण पुण्याला. घाटातल्या वळणांवरून या दिवसांत तिला आणायची कशी, म्हणून दिवाळीत असं ठरलं की लेकीने माहेरी यायच्या ऐवजी माहेरानेच उठून लेकीकडे जायचं. जानकी तर जाणारच होती. तिने डिंक, खोबरं, अळीव असं सगळं कधीच जमवायला घेतलं होतं. रुचिराचं म्हणणं, बाबांनीही यायचं. मी म्हटलं, जमणार नाही. आपल्या अण्णांचा नियम तुला माहीतच आहे, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. तुझं लग्न झाल्यावर अण्णा नाशिकला यायचे, तांदळाची पिशवी ओट्यावर ठेवायचे, स्वतः आणलेलं पाणी प्यायचे आणि आल्या गाडीने परत. तू दारात उभी राहून रडायचीस. मी त्यांच्याबरोबर असायचो, मी पाहिलंय. मला तेव्हा अण्णांचा राग यायचा. पण माणूस साठी ओलांडतो तेव्हा बापाचे जे गुण त्याला पसंत नसतात तेच आधी अंगात येतात. मी रुचिराला सांगितलं, नातवंडाचं तोंड बघेन आणि मगच तुझ्या घरी घास घेईन. तिने मला वेड्यात काढलं. जावई हर्षलराव बिचारे काहीच बोलले नाहीत, कारण कोणत्या बाजूने बोललं तर कोण रागावेल याचा त्यांना अंदाज येईना.

मी इथवरच थांबलो असतो तर बरं होतं. पण तू मला ओळखतेस. आयुष्यभर जव्हारच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून कर्ण्यातून बोललेला माणूस मी, माझी कुठलीच गोष्ट हळू आवाजात होत नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडवर चहाला गेलो आणि तिथे सगळ्यांसमोर जाहीर केलं की काही झालं तरी हा भास्कर जव्हार सोडणार नाही, अकराव्या मजल्यावरच्या खुराड्यात राहणार नाही, आणि स्वतःचं स्वतः करून खाईल. लोकांनी माना डोलावल्या. (लोक कशालाही माना डोलावतात. मी एकदा मोखाड्याची गाडी रद्द झाल्याचं सांगितलं होतं तेव्हाही डोलावल्या होत्या.) एकदा जाहीर केलेली गोष्ट मागे घेणं आमच्या खात्यात बसत नाही.

मग रुचिराने डाव टाकला. माझी साखर सीमेवर आहे हे तुला ठाऊक आहे. इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय की अर्धं ताट हिरवं आणि कच्चं असलं पाहिजे. रुचिरा म्हणाली, ठीक आहे बाबा, तुम्हाला एकटं राहायचंय ना, मग एक सॅलड स्वतःच्या हातांनी करून दाखवा. हर्षल आईला न्यायला येईल तेव्हा तो खाऊन बघेल. जमलं तर राहा जव्हारला, नाही जमलं तर मुकाट्याने गाडीत बसायचं, आणि अण्णा आजोबांचा नियम आम्हाला सांगायचा नाही. मी म्हटलं, कबूल. त्यात काय आहे, कोशिंबीर तर करायची. तर म्हणाली, कोशिंबीर नाही. कोशिंबिरीत तुम्ही दाण्याचं कूट घालाल, साखर घालाल, वर फोडणी द्याल आणि शेवटी काकडी शोधावी लागेल. हिरवी पानं हवीत, आणि त्यावर घरी केलेलं व्हिनेग्रेट. हे व्हिनेग्रेट म्हणजे काय, तर तीन भाग तेल, एक भाग आंबट, थोडी मोहरी, थोडा मध, मीठ, आणि हे सगळं बाटलीत घालून हलवायचं. मला ते ऐकूनच हायसं वाटलं. ज्यात विस्तव पेटवावा लागत नाही असा स्वयंपाक म्हणजे स्वयंपाकच नाही, असं मला वाटलं. जानकीने मदत करायची नाही आणि तोंडाने सूचनाही द्यायची नाही, अशी अट होती. तिने ती इतक्या लगेच मान्य केली की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिला प्रश्न आंबटाचा. व्हिनेगर कसं होतं, हे मी मोबाईलवर नीट पाहून घेतलं. परदेशात म्हणे द्राक्षांची दारू आंबली की तिचं व्हिनेगर होतं. आता इथे द्राक्षांची दारू कुठून आणू? पण आंबवायचंच असेल तर आपल्या भागात ताडी काय कमी आहे? मोखाड्याच्या जीपवर तुका नावाचा चालक आहे, दाभोसा गावचा, माझ्या नोकरीपासूनच्या ओळखीचा. (जीपवाले आणि एसटीवाले एकमेकांचे पिढीजात वैरी, पण निवृत्तीनंतर वैर धरण्यातही दम लागतो.) त्याला सांगितलं, एक बाटली ताडी आण. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आणून दिली. ती मी स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपामागे आंबायला ठेवून दिली, वर फडकं बांधून, आणि दर दोन-चार दिवसांनी हळूच वास घेऊन बघायचो. वास घेताना मी डोळे मिटतो ही माझी जुनी सवय आहे. एका दुपारी मी पिंपामागे वाकून, बाटली नाकाशी धरून, डोळे मिटून उभा असताना जानकी आत आली. पुढचं सगळं मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की तिने सूचना न देण्याची अट तंतोतंत पाळली, ती मला एक अक्षर बोलली नाही. जे बोलायचं ते ती पुण्याला फोन करून बोलली. संध्याकाळी रुचिराचा फोन आला. बाबा, आई गेल्यावर तुम्ही एकटे असाल तेव्हा काय कराल, असं तिने विचारलं. अक्का, आयुष्यात मी तंबाखू सोडून कशाला शिवलो नाही. पण व्हिनेगर करत होतो हे ऐकून पोरगी हसली नाही, ती म्हणाली, हो का. ते "हो का" अजून माझ्या कानात आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता परीक्षा नुसती सॅलडची राहिली नव्हती, अब्रूची झाली होती.

दुसरा प्रश्न तेलाचा. रुचिराने ऑलिव्हचं तेल सांगितलं होतं. मी औषधाच्या दुकानात गेलो, कारण आपल्याकडे ते तेल तिथेच मिळतं, तान्ह्या बाळाच्या मालिशीचं म्हणून. बाटली हातात घेतली मात्र, दुकानदाराने काउंटरवरून हात पुढे केला, अभिनंदन म्हणाला, आणि मुलगा की मुलगी असं विचारलं. मागे उभ्या असलेल्या दोघांनी पेढ्यांची आठवण केली. अजून काहीच झालं नाही, हे तेल मला पाल्यावर घालून खायचंय, असं मी सांगितलं. त्यावर दुकानात जी शांतता पसरली तशी मी कर्ण्यावरूनही कधी पसरवू शकलो नव्हतो. बाटली तिथेच ठेवून परत आलो. शिवाय मनात आलं की नातवंडाच्या अंगाला लावायचं तेल आजोबाने त्याच्या आधी खाऊन टाकणं शुभ नाही. मग तुकाकडूनच मोहाच्या बियांचं तेल मागवलं. आपल्या डोंगरातलं तेल, घाण्यावर काढलेलं, ऑलिव्ह गेलं खड्ड्यात. तुकाने ते आणून दिलं, आणि या वेळी त्याने विचारलं की दादा, घरी सगळं बरं आहे ना.

मग पाला. तो जव्हारात घेतला असता तर कोण काय घेतो हे संध्याकाळपर्यंत जानकीला कळलं असतं, म्हणून बाजाराच्या दिवशी तुकाच्या जीपमधून मोखाड्याला गेलो. तिथे वेणू म्हणून एक भाजीवाली बसते. तिच्याकडून पालक घेतला, आंबट चुका, मुळ्याचा कोवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे, कांद्याची पात. कुठला पाला कच्चा चांगला लागतो, असं विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा सांगितलं की शिजवायचा नाही, असाच खायचा आहे. तिने हातातली जुडी खाली ठेवली आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"घरान कोन नाय का रांधाया?" तिने विचारलं.

आहे, बायको आहे, मी म्हटलं. पण ती चाललीय लेकीकडे. वेणूने मान हलवली, आणखी काही विचारलं नाही, आणि माझ्या पिशवीत न मागता शेपूची एक जुडी टाकली. मला तो प्रकार अजिबात आवडला नाही. भर बाजारात एक बाई आपल्याला दया म्हणून शेपू देते, ही काही माणसाने पत्रात लिहावी अशी गोष्ट नाही. परतीच्या जीपमध्ये मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि उगाचच तिचा प्रश्न आठवत होता. तिला नीट समजावून सांगायला हवं होतं की मी हे हौसेने करतोय.

परीक्षेच्या दिवशी हर्षलराव दुपारी येणार होते. मी सकाळपासून कामाला लागलो. पाला तीन पाण्यांतून धुतला, निवडला, पंच्यात बांधून झटकला. (तो झटकताना तुमच्या लग्नातली दाजींची तसबीर भिंतीवरून पडली. काच शाबूत आहे.) मोहरी फेसायला घेतली. लहानपणी तू लोणच्यासाठी मोहरी फेसायचीस तेव्हा आम्हाला लांब बसवायचीस, ते का, हे मला या वयात कळलं. ती झणझणी नाकातून जी वर चढली ती थेट टाळूतून बाहेर पडली असं वाटलं. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. ओट्यावर जानकी सुपात तांदूळ निवडत बसली होती. माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून ती उठायला झाली, मग अट आठवून पुन्हा बसली. मी मोहरीमुळे असं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, मी काही विचारलं का?

तेल थंडीने बाटलीत घट्ट बसलं होतं, ते उन्हात ठेवून पातळ केलं. मग बाटलीत तीन भाग ते, एक भाग माझं ताडीचं व्हिनेगर, फेसलेली मोहरी, मध, मीठ. बूच लावून हलवलं. अक्का, काय सांगू, ते असं सुंदर जमून आलं की मी स्वतःच चाट पडलो. सोनेरी, दाट, एकजीव. बोटाने चाखलं तर आधी आंबट, मग तिखट, मग मागून मोहाचा तो कडवट रानवट वास. मला भरून आलं. आयुष्यात मी खूप गाड्या वेळेवर सोडल्या, पण हाताने एखादी वस्तू घडवली असं कधी झालं नव्हतं. परातीत पाला घेतला, वरून सगळी बाटली ओतली, दोन्ही हातांनी हलक्याने कालवलं, वर ताट झाकलं आणि परात खिडकीजवळच्या ओट्यावर ठेवली. दुपार होती. जावई कुठल्याही क्षणी येतील, म्हणून मी शर्ट बदलून बाहेर अंगणातल्या ओट्यावर येऊन बसलो.

जावई आले ते संध्याकाळी. विक्रमगडच्या बाजूने येताना त्यांना शिरपामाळाची पाटी दिसली. आपल्या इतिहासाबद्दल त्यांना अभिमान आहे (मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही, अभिमान असावा), म्हणून ते वर गेले, झेंड्यापाशी उभे राहिले, चहूकडचे फोटो काढले, ते रुचिराला पाठवण्यासाठी रेंज शोधत फिरले, आणि मग सूर्यास्तही तिथूनच पाहिला. सुरतेला जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले होते हे मी मान्य करतो, पण त्यांच्यासाठी कुणी सॅलड कालवून ठेवलं नव्हतं. इकडे ऊन उतरलं. आपल्या जव्हारची डिसेंबरातली संध्याकाळ तुला माहीत आहे, सूर्य गेला की भिंतीसुद्धा गार पडतात. आणि मोहाचं तेल थंडीत थिजतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. सकाळीच तर ते उन्हात ठेवलं होतं. पण ते तेल आपल्याकडे आजवर कुणी कढईत घातल्याशिवाय खाल्लेलं नाही, त्यामुळे ताटात गेल्यावरही ते थिजेल, हा विचार माझ्याच काय, आपल्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलेला नसणार.

हर्षलराव हातपाय धुऊन पाटावर बसले. जानकी दारात उभी राहिली. मी परात आणली आणि ताट उचललं. अक्का, आत हिरवा पाला होता आणि त्यावर सगळीकडे पांढरे थर बसले होते. पानापानावर, देठादेठावर, जणू कुणी मेणबत्ती ठिबकवली होती. मला कळलं की संपलं, आता बॅग भरायची, आणि अण्णांचा नियम मोडणारा आपल्या घराण्यातला पहिला पुरुष म्हणून पुण्याच्या गाडीत बसायचं. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही. पण त्यावर विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण हर्षलरावांचा चेहरा उजळला.

"बाबा, तुम्ही चीजसुद्धा घातलंत?"

मी भिंतीकडे पाहिलं. जानकीने माझ्याकडे पाहिलं. थोडंसं, मी म्हणालो.

पोरगा गुणाचा आहे, यात वाद नाही. त्याने ताटात भरभरून घेतलं आणि खायला लागला. पहिल्या घासालाच त्याचं चावणं मंदावलं. ते तेल दातांना लागतं, टाळूला चिकटतं आणि तिथून हलायला तयार होत नाही, हे मी नंतर स्वतः खाऊन पाहिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसं चाललं होतं त्याचं, पण चेहऱ्यावरचं हसू त्याने खाली ठेवलं नाही. व्हिनेगर कुठल्या कंपनीचं आहे, असंही विचारलं. मी स्थानिक म्हणून सांगितलं. मग मात्र जानकीला राहवलं नाही, तिने अट मोडून त्याच्यासमोर वाफाळता चहा आणून ठेवला. चहाचा घोट गेला तसा टाळूचा सगळा थर एकदम वितळला असावा, कारण त्याचे डोळे मोठे झाले आणि ते सगळं घशाखाली गेलं. त्याने आणखी घ्यायला नम्रपणे नकार दिला.

लगेच त्याने रुचिराला फोन लावला. दहापैकी दहा, असं म्हणाला. बाबांना सगळं येतं, एकदम हॉटेलसारखं, आणि चीज घालून. मी शेजारीच बसलो होतो. मग ती म्हणाली, बरं बाबा, जिंकलात तुम्ही, आणि फोन ठेवला. अशा आवाजात ती शेवटचं कधी बोलली होती ते मला आठवतं. शाळेची सहल निघाली आणि ताप आला म्हणून मी तिला गाडीतून उतरवून घेतलं होतं, तेव्हा.

जेवणं झाली (पिठलं-भात, जानकीने केलेला, परीक्षा संपली होती), आणि जानकी आतल्या खोलीत बॅग आवरायला बसली. मी विजेत्याच्या थाटात दारात जाऊन उभा राहिलो. तिने बॅगेच्या तळातून माझा राखाडी स्वेटर काढला. मग कानटोपी. मग माझे दोन लेंगे, दाढीचं सामान, आणि गुडघ्याला लावायचा तो बाम. एकेक काढून घडी घालून ती कपाटात ठेवत होती. मला काही कळेना. हे तिथे कसं आलं, असं मी विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"भरलं होतं तुमचंही. मला वाटलं, तुम्हाला काय जमतंय."

अक्का, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने माझ्या अकलेवर भरवसा ठेवला नाही म्हणून मी पुष्कळदा भांडलो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, ठेवला नव्हता तेच बरं होतं. पण हे तोंडाने म्हणायचं कसं? दारात जावई, खिशात दहापैकी दहा. मी म्हटलं, स्वेटर खालच्या कप्प्यात ठेव, वरच्यात हात पोचत नाही.

सकाळी ते गेले. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी हात हलवत होतो. मग सवयीने घड्याळ पाहिलं. आता मी इथे राजासारखा आहे. घर शांत आहे. कुणी विचारत नाही की चष्मा कुठे ठेवलात, कुणी सांगत नाही की दिवे घालवा. बोलायला कुणी नाही म्हणून घसाही बरा राहतो. स्टँडवर सगळे माझं कौतुक करतात. म्हणतात, भास्करदादा शब्दाचे पक्के. अण्णा असते तर त्यांना अभिमान वाटला असता, असं मी स्वतःला सांगत असतो, आणि ते खरंही असेल. तेव्हा तू माझी अजिबात काळजी करू नकोस. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा आणि पास झालेला भाऊ,
भास्कर

ता. क. वरच्या पत्रात मी उत्तम आहे असं लिहिलंय. ते पत्र दाजींना वाचून दाखवायला हरकत नाही. इथून पुढचं दाखवू नकोस.

ता. क. दुसरा. ते गेल्यापासून सॅलड केलेलं नाही. पाल्याची उरलेली पिशवी शेजाऱ्यांच्या शेळीला दिली, तिने शेपू तेवढा ठेवला. दोन्ही वेळा स्टँडवरच्या कँटीनमध्ये बटाटेवडा खातो. साखर आता सीमेवर नाही, सीमा ओलांडून आत शिरली असावी. घरी मन लागत नाही, अक्का. जानकीचा रोज फोन येतो, जेवलात का विचारते, मी कोणकोणती पानं खाल्ली त्यांची नावं सांगतो, आणि ती हो म्हणते. फोन ठेवला की मी तिथेच बसून राहतो.

ता. क. तिसरा, आणि पत्राचं कारण. अण्णांच्या माघारी घरात वडीलधारी तूच आहेस. तुझा शब्द रुचिरा मोडत नाही, जानकी मोडत नाही, आणि मी तर मोडूच शकत नाही, हे स्टँडवरही सगळ्यांना माहीत आहे. तर तू पुण्याला फोन कर (स्पीकरवर टाकलास तरी चालेल, टाकच) आणि रागावून सांग की भास्करचा हा काय हट्ट चाललाय, बाळंतपणाच्या वेळी बाप लेकीजवळ पाहिजे, मी मोठी म्हणून हुकूम करते, त्याला उद्याच्या उद्या घेऊन जा. मी आधी दोनदा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा तू आवाज चढव. हे मी सुचवलं असं कुणालाही कळता कामा नये. स्वेटर खालच्या कप्प्यातून काढून बाहेर ठेवला आहे, पण ते थंडीमुळे.

ता. क. शेवटचा. अण्णांचा नियम मोडायला तुझं मन धजत नसेल, तर त्यावरही मी तोड काढली आहे. रुचिराच्या घरचं मी काही खाणारच नाही. माझा पाला मी बाजारातून आणीन, माझं व्हिनेग्रेट मी घुसळीन, आणि एका कोपऱ्यात बसून माझं माझं करून खाईन. मला येतं ते, दहापैकी दहा मिळालेत. तेल मात्र तिथे त्यांचं ते ऑलिव्हचंच घेईन, विकत. फक्त पाण्याचं काय करायचं ते तुम्ही सगळे मिळून ठरवा, आणि जरा लवकर ठरवा.